गावाच्या नावाने नकाशा सापडावा म्हणून : ग्रंथालयातील जुन्या नकाशांचा डिजिटल संग्रह कसा उभारावा आणि कसा सांभाळावा

जुना नकाशा मागायला येणारा वाचक ‘मला ४७ एफ/१४ हे पत्रक द्या’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आमचे मूळ गाव मुळशीच्या धरणात गेले, ते नेमके कुठे होते ते पाहायचे आहे.’ ग्रंथालयाच्या नोंदवहीत मात्र त्या नकाशाची नोंद बहुतेक वेळा ‘पुणे जिल्हा, १ नकाशा, कापडी, जीर्ण’ एवढीच असते. या दोन वाक्यांमधले अंतर भरून काढणे हेच डिजिटल संग्रहाचे खरे काम आहे, आणि ते स्कॅनर विकत घेतल्याने भागत नाही. पुढील पायऱ्या तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या, मोजके कर्मचारी असलेल्या ग्रंथालयाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : कपाटे उघडून मोजदाद

नकाशे फक्त नकाशांच्या कपाटात नसतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खंडांत (पुणे जिल्ह्याचे तीन भाग १८८५ मध्ये निघाले) घडी घातलेले नकाशे असतात, जमाबंदीच्या अहवालांना ते जोडलेले असतात, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या नळकांड्यांतही ते गुंडाळून ठेवलेले सापडतात. पुस्तकातला नकाशा सुटा करू नये. त्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो कोणत्या पुस्तकात आहे ते लिहावे.

प्रत्येक पत्रकाला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तो मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहावा. शाई, शिक्का किंवा चिकटवायची चिठ्ठी वापरू नये. मोजदादीच्या तक्त्यात क्रमांक, शीर्षक, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी, कशावर काढलेला आहे, छापील की हस्तलिखित, लिपी, अवस्था आणि ठेवण्याची जागा एवढे रकाने सुरुवातीला पुरतात. या टप्प्यावर वर्णन लांबवण्याचा मोह टाळावा, कारण सगळा साठा डोळ्यांखालून गेल्याशिवाय कशाला प्राधान्य द्यायचे ते ठरत नाही.

प्राधान्य ठरवताना एक प्रश्न पुरेसा आहे : हे पत्रक इतरत्र चांगल्या स्वरूपात उपलब्ध आहे का? उदाहरणार्थ, १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने काढलेली भारताची १:२,५०,००० प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अनेक वर्षांपासून मोफत पाहता येते. ती पुन्हा स्कॅन करण्यात पैसे घालवण्याचे कारण नाही. मात्र आपल्या प्रतीवर कुणी कालव्याची आखणी लाल पेन्सिलीने केली असेल, तर ती प्रत एकमेव ठरते आणि रांगेत पुढे येते. हस्तलिखित, मोडीतील आणि मोडकळीला आलेली पत्रके सर्वांत आधी घ्यावीत.

दुसरी पायरी : कायद्याची बाजू

भारतीय कायद्यानुसार नकाशा ही ‘कलाकृती’ धरली जाते आणि १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा तिला लागू होतो. सरकारी प्रकाशनाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाने १९६० मध्ये छापलेले पत्रक १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाले. खासगी नकाशाकाराच्या बाबतीत ६० वर्षे त्याच्या मृत्यूनंतर मोजायची असतात, त्यामुळे जुन्या छापखान्यांनी काढलेल्या शहर-नकाशांची नोंद करताना नकाशाकाराचे नाव शोधण्याची खटपट करावी.

स्वामित्वहक्क संपला म्हणजे सगळी वाट मोकळी झाली असे नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि सर्वांसाठीची अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरचे पुष्कळ निर्बंध सैल केले. तरीही किनारपट्टीच्या आणि सीमाभागाच्या अनेक जुन्या पत्रकांवर ‘प्रतिबंधित’ असा शिक्का दिसतो. असे पत्रक स्कॅन करून जपावे, पण लेखी परवानगी मिळेपर्यंत संकेतस्थळावर ठेवू नये. देशाच्या सीमा आजच्या अधिकृत नकाशाहून वेगळ्या दाखवणारा जुना नकाशा असेल, तर तो ऐतिहासिक दस्तऐवज आहे आणि त्यातील सीमा आजच्या नाहीत, असे स्पष्ट टिपण चित्राच्या शेजारीच असावे. भारताचा चुकीचा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे दंडनीय गुन्हा आहे, हे लक्षात ठेवून हे टिपण लिहावे.

तिसरी पायरी : कागदाची प्रकृती

स्कॅन करण्याआधी पत्रक सपाट आणि स्वच्छ हवे, आणि इथेच घाईने सर्वाधिक नुकसान होते. मांजरपाटावर चिकटवलेले नकाशे घडीच्या रेषांवर फाटलेले असतात. त्यांना मऊ ब्रशने झाडून, वर स्वच्छ कागद आणि समान वजन ठेवून काही दिवस तसेच राहू द्यावे. ट्रेसिंग कापडावरच्या नकाशांना ओलाव्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण त्या कापडाला खळ दिलेली असते आणि पाणी लागताच खळ व शाई दोन्ही सुटतात. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेल्या ब्लूप्रिंट उजेडाने फिक्या होतात, आणि अल्कधर्मी कागदाच्या पाकिटात ठेवल्या तर त्यांचा निळा रंग उडतो; इतर नकाशांसाठी उत्तम ठरणारे आम्लमुक्त, चुनायुक्त फोल्डर त्यांना मात्र घातक आहेत. जुन्या हाताने रंगवलेल्या नकाशांत तांब्यापासून केलेला हिरवा रंग असेल, तर तो कागदाला आतून जाळत गेलेला दिसतो. अशा पत्रकाला हात न लावता तज्ज्ञाला बोलवावे.

चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि डांबरगोळ्या या तिन्ही गोष्टी खोलीबाहेर ठेवाव्यात. फाटलेली कड जोडायचीच असेल, तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीची लेई वापरावी, आणि तेही शिकलेल्या हातांनी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेतील आर्द्रता एवढी वाढते की बंद खोलीतले सपाट ठेवलेले कागद लाटांसारखे वळतात. म्हणून पत्रके सपाट करण्याचे काम जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत उरकणे श्रेयस्कर.

चौथी पायरी : स्कॅनिंग

स्कॅनिंगचे काम बाहेर द्यायचे असेल, तर निविदेत एक अट ठळकपणे लिहावी : कागद ओढून घेणारा रोलरचा स्कॅनर फक्त सुस्थितीतील, सुट्या, छापील पत्रकांसाठी. आमच्याकडे एका ठेकेदाराच्या माणसाने कापडी नकाशा रोलरमध्ये घातला आणि घडीवरचा तुकडा यंत्रातच राहिला. तुकडा मिळाला, पण त्यावरची दोन गावांची नावे गेली. तेव्हापासून जीर्ण पत्रके वरून छायाचित्र घेणाऱ्या स्टँडवरच ठेवली जातात. चांगला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत समान उजेड आणि बरोबर समपातळीतले टेबल असेल, तर हे काम गावातला एखादा कसलेला छायाचित्रकारही नीट करू शकतो.

दर इंचाला ४०० बिंदू हे माप बहुतेक छापील नकाशांना पुरते. डोंगराच्या छायारेषा किंवा अतिबारीक अक्षरे असतील तर ६०० घ्यावेत. साठवणीचा हिशेब आधीच करावा : ७० × ५५ सेंटिमीटरचे एक पत्रक ४०० बिंदूंनी, २४ बिटच्या रंगात, न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये सुमारे २८५ मेगाबाइट होते; ६०० बिंदूंनी तेच ६४० च्या पुढे जाते. अशी १,००० पत्रके म्हणजे एका प्रतीला ४०० बिंदूंना सुमारे ०.२९ आणि ६०० बिंदूंना ०.६४ टेराबाइट, आणि प्रती तीन ठेवायच्या आहेत. प्रत्येक चित्रात रंगपट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी नकाशाच्या कडेबाहेर ठेवावी, आणि पत्रकाच्या चारही कडा दिसतील इतकी मोकळी जागा सोडावी. समासातला मजकूर कापून टाकण्याची सवय सगळीकडे दिसते, पण सर्वेक्षणाचे वर्ष, प्रमाण आणि शेजारच्या पत्रकांचे क्रमांक समासातच असतात. मागची बाजू कोरी नसेल तर तीही घ्यावी.

फाइलचे नाव म्हणजे मोजदादीचा क्रमांक, एवढेच. त्यात गावाचे नाव, वर्ष किंवा ‘फायनल’ असे शब्द घालू नयेत. रोमन लहान अक्षरे, अंक आणि जोडरेषा यांपलीकडे काही वापरले नाही, तर पुढच्या कोणत्याही संगणक प्रणालीत अडचण येत नाही. मूळ टिफ फाइलवर कोणतेही काम करू नये. उजळणे, फिरवणे, कापणे हे सगळे प्रतींवर करावे.

पाचवी पायरी : वर्णन

येथे वेळ द्यावा. माझ्या अनुभवात स्कॅनिंगला लागतो त्याच्या तिप्पट वेळ वर्णनाला लागतो, आणि अनुदानाच्या प्रस्तावात नेमका तोच रकाना रिकामा असतो.

तारीख ही पहिली अडचण. एका टोपोशीटवर (भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भूभागदर्शक पत्रकावर) सर्वेक्षणाची वर्षे, पहिल्या आवृत्तीचे वर्ष, दुरुस्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष अशा चार-चार तारखा असू शकतात. १९४२ च्या पुनर्मुद्रणात रेल्वेमार्ग नवा दाखवलेला असतो, पण गावठाणाची सीमा १९२० च्या दशकातलीच राहिलेली असते. म्हणून या चारही तारखांना वेगवेगळे रकाने द्यावेत आणि वाचकाला आधी सर्वेक्षणाचे वर्ष दाखवावे. तारीख नसेल तर पुराव्यावरून मर्यादा ठरवता येते : मुठेवरचे खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले, मुळशीचे १९२० च्या दशकात, तर उजनीचे पाणी १९८० च्या आसपास साठले. ज्या नकाशात मुठेवर तलाव नाही आणि ज्यात आहे, ते दोन्ही आपोआप वेगळ्या खणांत जातात.

प्रमाण मूळ शब्दांत आणि अपूर्णांकात अशा दोन्ही प्रकारे लिहावे : ‘एक मैलास एक इंच’ आणि १:६३,३६०. महसुली नकाशांवर साखळ्या आणि गुंठे येतात; साखळीची लांबी आणि ३३ फूट चौरसाचा गुंठा ही मापे वर्णनाच्या सूचनापत्रकात एकदा लिहून ठेवावीत, म्हणजे नवा कर्मचारी अडखळत नाही. पेशवाईतील किंवा त्या परंपरेतील मोडी नकाशांना बहुधा एकसारखे प्रमाण नसते, उत्तर दिशा वर असतेच असे नाही, आणि अक्षरे चारही बाजूंनी लिहिलेली असतात. अशा ठिकाणी प्रमाणाच्या रकान्यात अंदाज न लिहिता ‘प्रमाणबद्ध नाही’ असे लिहावे आणि वरच्या कडेला कोणती दिशा आहे ते नोंदवावे. मोडी मजकुराचे देवनागरी लिप्यंतर स्वतंत्र रकान्यात द्यावे. वाचता न आलेला शब्द प्रश्नचिन्हासह सोडून द्यावा, कल्पनेने भरू नये.

सर्वांत मोलाचा रकाना स्थळनामांचा. नकाशावर खडकी ‘किर्की’ म्हणून, ठाणे ‘टान्ना’ म्हणून, शीव ‘सायन’ म्हणून छापलेले असते, आणि वाचक शोधतो ते आजचे मराठी नाव. म्हणून प्रत्येक पत्रकावरील गावांची यादी करून प्रत्येक नावापुढे नकाशावरचे मूळ रूप, आजचे देवनागरी नाव, तालुका आणि शक्य असेल तेथे केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाचा क्रमांक लिहावा. क्रमांकाचा फायदा असा, की एकाच जिल्ह्यातल्या चार ‘पिंपळगावां’मध्ये गोंधळ होत नाही आणि उद्या गावाचे नाव बदलले तरी दुवा तुटत नाही. धरणाखाली गेलेल्या गावांना अनेकदा असा क्रमांक नसतो. त्यांच्यासाठी आपली स्वतःची यादी ठेवावी आणि पुनर्वसित गावाच्या नोंदीशी ती जोडावी. एका टोपोशीटवर शंभराच्या वर नावे सहज निघतात, तेव्हा हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य करायला हवे. इतिहास आणि भूगोलाचे विद्यार्थी, तसेच निवृत्त तलाठी आणि भूकरमापक ते आनंदाने करतात. निवृत्त भूकरमापकाला टिपण, फाळणी आणि गावनकाशा या मोजणीच्या कागदांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

नोंदीचा साचा नवा तयार करण्याची गरज नाही. कोहा ही संगणक प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयाने मार्क २१ या नोंदीच्या साच्यातील ०३४ आणि २५५ ही नकाशांच्या प्रमाणाची व अक्षांश-रेखांशांची क्षेत्रे भरावीत. डीस्पेस किंवा ओमेका ही डिजिटल संग्रहाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना डब्लिन कोअर या सोप्या साच्याचे १५ घटक आणि वर सांगितलेले जादा रकाने पुरतात.

सहावी पायरी : नकाशा जमिनीवर बसवणे

स्कॅन केलेल्या चित्रातील बिंदूंना खरे अक्षांश-रेखांश देण्याच्या या कामाला भूसंदर्भीकरण म्हणतात, आणि क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे. टोपोशीटच्या बाबतीत नियंत्रणबिंदू म्हणून चौकटीचे चार कोपरे आणि आतील पाच-पाच मिनिटांच्या रेषांचे छेद घ्यावेत, त्यांचे आकडे पत्रकावरच छापलेले असतात. मात्र हे आकडे आजच्या जीपीएसच्या प्रणालीतले नाहीत. १८०२ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पुढे एव्हरेस्टचा पृथ्वीगोल (पृथ्वीच्या आकाराचे गणिती माप) आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूर हे मोजणीचे मूळस्थान ठरले, आणि जुनी पत्रके त्यावर आधारलेली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये कल्याणपूर प्रणाली निवडून बिंदू द्यावेत आणि मगच रूपांतर करावे. हे विसरले तर महाराष्ट्रात नकाशा शंभर मीटरांहून जास्त सरकतो.

विसाव्या शतकाच्या आरंभाआधीच्या पत्रकांत याहून मोठा खड्डा आहे. त्या काळी मद्रास वेधशाळेच्या रेखांशाचे जुने मूल्य धरले जात असे आणि ते सुमारे अडीच मिनिटांनी जास्त होते. पुण्याच्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे सव्वाचार किलोमीटरपेक्षाही अधिक. अख्खा तालुका पूर्वेला सरकलेला दिसला, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी समासातील रेखांशाबद्दलची टीप वाचावी.

चौकटीवर आकडे नसलेल्या शहर-नकाशांत आणि गावनकाशांत जमिनीवरच्या खुणा घ्याव्या लागतात. देवळाचा गाभारा, किल्ल्याचा बुरूज, दगडी पुलाची टोके, जुनी बारव या खुणा टिकाऊ असतात. रस्त्याची वळणे आणि नदीचा काठ टाळावा. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठची वस्तीच बदलली. पुणे शहरासाठी शनिवारवाड्याच्या बुरुजांपासून सुरुवात करून बिंदू नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरवावेत, एकाच पेठेत गर्दी करू नये. बुडित क्षेत्रात खुणाच उरत नाहीत. तेथे धरणाआधीच्या टोपोशीटवर गावनकाशा बसवावा आणि ते टोपोशीट आजच्या नकाशावर, अशी दोन टप्प्यांची वाट धरावी.

चूक किती चालेल, याबद्दल अवाजवी आग्रह नको. एक इंची नकाशावर कागदावरचा अर्धा मिलिमीटर जमिनीवर सुमारे ३२ मीटर होतो, आणि शंभर वर्षांत कागद दोन्ही दिशांना सारखा आकसलेला नसतो. सरासरी चूक तीस-चाळीस मीटरच्या आत आली की थांबावे. चूक शून्यावर आणण्यासाठी नकाशा रबरासारखा ताणणारी रूपांतरे वापरली, तर बिंदू जुळतात आणि मधला भाग बिघडतो. वापरलेल्या बिंदूंची फाइल चित्रासोबत जतन करावी, म्हणजे पुढच्या माणसाला ते काम तपासता येते. मोडीतील प्रमाण नसलेल्या नकाशांवर हा प्रयोग करूच नये. त्यावरील गावे नुसत्या बिंदूंनी आजच्या नकाशाशी जोडावीत.

सातवी पायरी : वाचकापुढे ठेवणे आणि सांभाळणे

वाचकासाठी पीडीएफ ठेवू नये. मोठे चित्र तुकड्या-तुकड्यांनी उलगडणारा दर्शक हवा. त्यासाठी आयआयआयएफ हे चित्रे संकेतस्थळावर दाखवण्याचे खुले मानक आहे, आणि ते पाळले तर आपला नकाशा दुसऱ्या संस्थेच्या नकाशाशेजारी ठेवून पाहता येतो. शोधाच्या चौकटीखाली आजचा नकाशा असावा, ज्यावर बोट ठेवताच त्या जागेची सर्व पत्रके दिसतील.

गावनकाशे प्रसिद्ध होताच बांधाच्या वादातली माणसे येऊ लागतात. प्रत्येक महसुली नकाशाजवळ ‘ही प्रत अभ्यासासाठी आहे, प्रमाणित प्रत भूमी अभिलेख कार्यालयातच मिळेल’ असे मराठीत लिहावे, आणि ग्रंथालयाचा शिक्का मारून छापील प्रत देण्याचे कटाक्षाने टाळावे. तो शिक्का उद्या कुठल्या दाव्यात पुढे येईल याचा नेम नसतो.

मूळ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात ठेवावी. एकाच इमारतीतल्या तीन प्रती पुराच्या दृष्टीने एकच असतात. सीडी आणि डीव्हीडीवर विसंबू नये. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारी तपासणीची संख्या) पहिल्याच दिवशी काढून ठेवावा, दरवर्षी तो पुन्हा काढून जुळवावा, आणि न जुळलेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत घ्यावी. हार्ड डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता पाच वर्षांच्या आसपास बदलावी. त्याची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात असावी, कारण सुरुवातीचे अनुदान मिळते, पण डिस्क बदलण्यासाठी वेगळे अनुदान सहसा मिळत नाही. संकेतस्थळ चालवणारी कंपनी बदलली तरी सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येतील, ही अट करारातच घालावी, आणि वर्षातून एकदा त्या खरोखर काढून पाहाव्यात.

वाचकांच्या दुरुस्त्या स्वीकारण्यासाठी प्रत्येक नकाशाखाली छोटा अर्ज असावा. स्वीकारलेली दुरुस्ती कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारे केली, ते नोंदीतच राहू द्यावे. आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ज्या शोधांना एकही नकाशा मिळाला नाही त्यांची यादी काढून ती समोर ठेवून बसावे. त्यातले काही शब्द चुकीच्या टंकलेखनाचे निघतात, काही आपल्या हद्दीबाहेरचे. पण उरलेली वाड्या-वस्त्यांची नावे बहुधा आपल्याच एखाद्या पत्रकावर बारीक अक्षरांत छापलेली सापडतात, आणि ती त्याच दिवशी स्थळनामांच्या रकान्यात चढवावीत.